राजूबाई, त्या माणसाला कामून मारला?

…आन् वरून मलाच इचारायल्यात, "राजूबाई, त्या माणसाला कामून मारला?" आता तुमीच सांगा, मी मारला का? मी? जिच्या हातून आजपतुर एक झुरळ मेलं न्हाई, चप्पल उचलंस्तवर ते मोरीत जाऊन बसतंय, ती बाई माणूस मारंल? तेबी जिन्यावरनं ढकलून? तेबी उजवा हात प्लास्टरमध्ये असताना? आवो पुस्तकातला माणूस! लेखकानं मारला, छापणाऱ्यानं छापला, आन् शिव्या कुणाला? राजूबाईला! घसा बसंस्तवर सांगायलेय, अगं बायांनो, मी लिव्हलं न्हाई, मी नुसतं वाचलं! ऐकतंय का कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगते. न्हाईतर तुमीबी मलाच धराल.

बीदरकडच्या हळ्ळीखेडला बसस्टँडच्या मागं निलम्माक्काचं पत्र्याचं शेड हाय. तिथं आमी सहा बाया कडक भाकरी करतो. ज्वारीची, वर तीळ, पापडावानी पातळ, महिनाभर ठेवा, काय होत न्हाई. लग्नाला जातात, जत्रंला जातात, पार सोलापूरला जातात. आन् थापण्यात मी एक नंबर. मी म्हणत न्हाई, निलम्माक्का म्हणती, आन् निलम्माक्का काय साधी बाई न्हाई, ती देवाला बी तोंडावर चांगलं म्हणत न्हाई, म्हणती लाडावंल.

तर संक्रांत झाल्यावर आमच्या ह्यांनी मला गाडीवर मागं बसवलं. आमचे हे म्हणजे भगवानराव, सरकारी बसचे कंडक्टर होते, आता रिटायर. तीस वर्षं ह्या माणसानं बसमध्ये उभं राहून साऱ्या दुनियेला "धरून बसा, धरून बसा" म्हणलं, आन् बायकोच्या टायमाला इसरले! स्पीडब्रेकर आला, गाडी पुढं गेली, हे पुढं गेले, मी तिथंच राहिले. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणले, दोन महिने प्लास्टर. ह्यांनी घरी येऊन मला काय इचारावं? "मंग आता भाकरी कोण करंल?" …जाऊ द्या. ते दुसरं पुराण हाय.

घरी बसून काय करू? गेले शेडमध्ये, बसले ज्वारीच्या पोत्यावर, आन् लागले बोलायला. चार दिवस बोलले. पाचव्या दिवशी निलम्माक्कानं परात आपटली, म्हणली, "राजूबाई, तुमचं तोंड चालतंय तसे ह्यांचे हात चालंनात! बोलायचंच असंल तर कायतरी चांगलं वाचून तरी दाखवा!"

आता चांगलं म्हणजे तिच्या मनात शरणांची, म्हणजे कन्नड संतांची वचनं होती. पण माझ्या घरात काय होतं? पंचांग, विजेचं बिल, आन् एक पुस्तक. ते पुस्तक भगवानरावांनी उमरग्याच्या स्टँडवर घेतलेलं. वर काय चित्र, तर एक दार, दाराला कडी, आन् डोक्यावर पदर घेतलेली बाई. हे म्हणले, "संसाराचं दिसतंय, तुला व्हईल." नाव 'आतली कडी'. मलाबी वाटलं संसाराचंच असंल. मला काय ठावं, आत असला संसार हाय ते!

आन् वाचणार कोण, तर मीच. कारण माझं माहेर उमरग्याकडचं, दहावीपतुर मराठी शाळा. ह्या बाकीच्या सगळ्या घरात बोलतात मराठी, पण शाळा कन्नड. हिंदीमुळं अक्षरं लागतात त्यांना, न्हाई असं न्हाई, पण एक ओळ संपंस्तवर भाकर करपती. म्हणून मी. म्हणून, म्हणून, म्हणून माझ्या नशिबाला आलं हो हे!

गोष्ट काय, तर वसू नावाची एक बाई. डोंगरावर मोठं घर. नवरा, नवऱ्याचं नाव विश्वास, आन् घरात दुसरं कोण न्हाई. तर ह्या वसूच्या घरात वस्तू हलायल्यात. किल्ली खिळ्याला लावली, ती पिठाच्या डब्यात सापडली. गॅस बंद केला, तो चालू. पेटीत घडी घालून ठेवलेली साडी, तिच्या चिंध्या. आन् ही काय म्हणली की नवरा कसा, तर लई गोड: "अगं वसू, तूच केलंस, तुला आठवत नाही." आन् रोज रात्री दूध, हिला संशय की त्यात गोळी. आन् वरच्या खोलीत कुणाच्या तरी पायाचा आवाज, आन् हिला वाटायचं त्या खोलीला आतून कडी!

पहिल्याच दिवशी निलम्माक्कानं निकाल देऊन टाकला. "नवराच करायलाय." कशावरनं, अक्का? "दूध देतोय की! कोणता नवरा बायकोला दूध देतोय?" …झालं! त्या दिवसापासनं सहा आठवडे त्या विश्वासला शेडमध्ये ज्या शिव्या पडल्या, त्या मी तुमाला सांगू शकत न्हाई, माझी जीभ रेटंना. निलम्माक्का कन्नडात द्यायची, अंबिका दखनीत द्यायची, "क्या नाटकबाज आदमी है ये," आन् भाकर थापताना प्रत्येक थापीला, घे विश्वास, घे विश्वास! भाकरी अशा पातळ झाल्या त्या महिन्यात, तुमाला सांगते, पलीकडचं दिसायचं!

ही अंबिका म्हणजे आमच्यातली हुशार. तिला वाटतंय दुनियेतलं सगळं तिला आधीच ठावं हाय. रोज म्हणायची, "बघा, मी सांगते, शेवट वेगळाच निघणार." कसा निघणार गं? "ते न्हाई सांगत."

आन् एक शैलश्री. सव्वीस वर्षांची, सगळ्यात लहान, नवरा किरणकुमार मोबाईल रिपेरीच्या दुकानात. मधमाशीचा आवाज येईल पण हिचा यायचा न्हाई, अशी पोरगी. पण पुस्तक सुरू झाल्यापासनं तिनं मधी मधी इचारायचं, "मावशी, किल्ली कशात सापडली म्हणलाव?" पिठाच्या डब्यात. "पिठाच्याच?" पिठाच्याच गं. दुसऱ्या दिवशी, "मावशी, तिनं गॅस बंद केलता हे तिला नक्की आठवायलं होतं का?" आता मला काय ठावं! मी म्हणले, पोरीला गोष्ट लई आवडायलीय, बरंय. एवढी लक्ष देऊन ऐकणारी दुसरी कोण न्हाई. मला बाई लई कौतुक वाटायचं तिचं. येडी मी!

मंग आला शेवटचा दिवस. त्या दिवशी बसवकल्याणच्या एका लग्नाची ऑर्डर होती, तीन हजार भाकरी, संध्याकाळी टेम्पो यायचा होता. मी म्हणले, अक्का, आज राहू द्या, उद्या वाचू. निलम्माक्का म्हणली, "उद्या? त्या हरामखोराला आज काय ते होऊ द्या! वाचा!"

वाचलं. वसू वरच्या खोलीत जाती. मागनं विश्वास येतोय, "वसू, थांब." ही वळती. ढकलती. तो जिन्यावरनं खाली, थेट खाली, मान मोडून. शेडमध्ये टाळ्या! तुमाला सांगते, अंबिकानं तर पिठाच्या हातानं शिट्टी मारली. मी म्हणले, थांबा, अजून चार पानं हाईत. "वाचा वाचा!" वाचलं. वसू ती खोली उघडती. आत कोण? कोणच न्हाई. एक पेटी. पेटीत कात्री. साडीच्या चिंध्या. आन् चिठ्ठ्या, किल्ली कुठं लपवायची, गॅस कवा चालू करायचा, सगळं वसूच्याच अक्षरात. म्हणजे सगळं तिनंच केलेलं. तिलाच ठावं न्हाई. तो बिचारा खरंच तिला जपायला होता. दूध म्हणजे दूधच होतं. आन् शेवटची ओळ, 'कडी आतून होती.' संपलं.

… पाच तवे, पाच भाकरी, पाचच्या पाच धुरायल्यात, आन् ह्या पुतळ्यावानी माझ्याकडं बघायल्यात. मी म्हणले, संपलं. निलम्माक्का म्हणली, "काय संपलं?" पुस्तक संपलं. "पुढचं पान बघा." पुढच्या पानावर लेखकाचा फोटो हाय, अक्का. "राजूबाई, तुमी कायतरी गाळलाव." न्हाई. "मंग जादा घातलाव!" आवो मी कशाला घालू? "तुमचा हात मोडला नवऱ्यानं, तरी तुमी नवऱ्याचीच बाजू घ्यायलाव!" बघा! आता ह्याला काय म्हणावं? मी म्हणले, अक्का, मी लिव्हलं न्हाई, मी नुसतं वाचलं! तर म्हणती कशी, "सहा आठवडे आमी त्या निष्पाप माणसाला शिव्या घातल्या, त्याचं पाप कुणाच्या माथी?" आता पाप बी माझ्याच माथी!

एकटी अंबिका खूश. "मी म्हणलं न्हवतं, वेगळा निघणार? मस्त शेवट! एक नंबर शेवट!" तिच्यावर बाकीच्या अशा तुटून पडल्या की बास. एक म्हणली, तू शिट्टी मारलीस, माणूस मेल्यावर! अंबिका म्हणली, तवा तो दोषी होता! म्हणजे मेला तवा दोषी, पाच मिनटांनी निर्दोष, आन् भांडण दोघींचं, आन् भाकरी जळायल्यात…

मंग अंबिकाला पुस्तकाच्या मागं लेखकाचा मोबाईल नंबर सापडला. लेखक लोकांना एक खोड असती, नंबर छापायची. निलम्माक्का म्हणली, लाव. लावला. स्पीकरवर. तिकडनं पुण्याचा असा मऊ आवाज, "नमस्काऽर, बोला." निलम्माक्कानं नमस्कार केलाच न्हाई. "तुमी त्याला कामून मारला?" तो म्हणतोय, "अं… हे बघा ताई, कसं असतं, कलाकृतीचा शेवट हा खरं तर वाचकाच्या मनात होत असतो." निलम्माक्का म्हणली, "आमच्या मनात व्हायला असतोय, तर तुमी ती चार पानं छापलीव कशाला?" तो खोकला. म्हणला, "वाचकानं आपापला अर्थ लावायचा." ही म्हणली, "आमी तवा लावतो, चूल लावतो, अर्थ बी आमीच लावायचा? मंग तुमी दिवसभर करताव काय?" …फोन कट झाला. रेंज गेली म्हणा, कायबी म्हणा.

आन् मंग निलम्माक्का वळली माझ्याकडं. त्याला फोन कट करता आला हो. मी कुठं जाऊ?

ह्या सगळ्या गोंधळात शैलश्री उठली, हात बी न धुता, कोपरापतुर पीठ तसंच, आन् चालत घरी गेली. कुणाला काय बोलली न्हाई. मला वाटलं, हिलाबी शेवट आवडला न्हाई, बाकीच्यासारखा. दुसऱ्या दिवशी आली न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. आन् तिकडं बसवकल्याणहून बोलणं आलं की भाकरी करपलेल्या निघाल्या, वरबाप ताट हातात घेऊन म्हणला, ही भाकर हाय का कोळशाची खाण? तेबी माझ्याच नावावर!

चौथ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात किरणकुमार. शैलश्रीचा नवरा. तसा शांत पोरगा, मोबाईल उघडून बसलेला असतोय, खाली मान. पण त्या दिवशी असा लाल झालता! "राजूमावशी कोण हाय?" आवो, तो मला चांगला ओळखतोय. "तुमी माझ्या बायकोला काय वाचून दाखवलाव?" मी म्हणले, बाबा, मी लिव्हलं… "सहा आठवडे झाले, मी केलेला चहा पिईना! दूध दिलं तर मोरीत ओतायली! आन् आता परवापासनं घरातल्या सगळ्या सुऱ्या, इळी, कात्री, फडक्यात बांधून माझ्या हातात दिली, म्हणायली मला कोंडून ठेवा. म्हणायली, माझ्या पुढं जिन्यावर उभं राहू नका. मावशी, आमच्या घराला जिनाच न्हाई!"

अंबिकाला हसू आलं. मलाबी आलं असतं, पण त्या पोराचे डोळे भरले होते. मी म्हणले, बस. पाणी पी. काय झालं ते नीट सांग.

मंग निघालं. आठ महिने झाले, त्यांच्या घरात असंच चाललेलं. किल्ली पिठाच्या डब्यात. गॅस चालू. ह्याचा दुकानाचा स्क्रूड्रायव्हर देवघरात. आन् घरातलं सगळं कोण करायचं? शैलश्री. मंग हा म्हणायचा, तूच केलीस, तुला आठवंना, तुझं डोकं कुठं असतंय. तिला वाटायचं, मी तर केलं न्हाई. मंग आलं आमचं पुस्तक! पुस्तकात नवरा तसंच बोलायला, म्हणून हिला पटलं की आपलाच नवरा करायलाय. सहा आठवडे ह्या पोरीनं त्या माणसाकडं विश्वास म्हणून बघितलं. आन् शेवटी काय निघालं? की नवरा चांगला. बाईच हुच्ची. हुच्ची म्हणजे कन्नडात येडी. आन् शेवटाला ही हात न धुता घरी गेली ते ह्याच्यासाठी… तिला वाटलं, म्हणजे मीच. मीच हुच्ची हाय, आन् आता मी ह्या माणसाला मारणार.

आन् मी… तुमाला सांगते, त्या टायमाला ते मी नुसतं वाचलं, मी नुसतं वाचलं, ते माझ्या तोंडातनं निघंना.

निलम्माक्का उठली. पदर खोचला. "राजूबाई, चला." कुठं? "वाचायला तुमी गेलताव, निस्तरायला बी तुमीच चला!"

गेलो दोघी. शैलश्री भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीखाली दाबून. मला म्हणली, "मावशी, माझ्याजवळ बसू नका." मी म्हणले, बसणार, एक हात मोडलाच हाय, दुसरा मोडलास तर जोडी व्हईल. हसली न्हाई. निलम्माक्का तिच्या डोक्यावरनं हात फिरवायली. आन् बाजंवर तिची सासू, सोजराबाई. पंच्याहत्तरची म्हातारी, गोरी, गोड, सुपारी कातरायली. "या बाई, या. तू उमरग्याकडची का?" मी म्हणले, व्हय आत्याबाई. "तिकडं पाऊसपाणी?" बरं हाय. बोललो जरा. पाच मिनटांनी, "तू उमरग्याकडची का?" व्हय, आत्याबाई. वाटलं, ऐकू कमी यायलं असंल. परत जरा वेळानं, "बाई, तू उमरग्याकडची दिसतीस." मी निलम्माक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"चहा ठेवते," म्हणून म्हातारी उठली. मी उठायले, तर निलम्माक्कानं माझा चांगला हात धरला. बसा. बघा. म्हातारीनं गॅस फिरवला, पेटवला न्हाई. फळीवरचा साखरंचा डबा बघितला, काय आठवलं कुणाला ठावं, खिळ्यावरची किल्ली काढली. पिठाचा डबा उघडला. किल्ली आत दाबली. वरनं हातानं पीठ असं सारखं केलं, असं, मायेनं, लेकराला पांघरूण घालावं तसं… झाकण लावलं आन् येऊन बाजंवर बसली. "चहा घेतलाव का बाई?"

गॅसचा सूं सूं आवाज यायलेला. निलम्माक्का पळाली, बंद केला, खिडकी उघडली. शैलश्री उभी राहिली. डब्याकडं बघायली, सासूकडं बघायली. "मावशी…" म्हणली. "मावशी, मी न्हाई?" तू न्हाई गं पोरी. "मी न्हाई?" आन् तिथंच खाली बसून अशी हमसून रडली की शेजारची बाई दारात आली.

मला वाटलं, म्हातारीला काय कळलं नसंल. पण तिनं आमच्या तिघींची तोंडं बघितली, सुपारी खाली ठेवली, आन् हळूच म्हणली, "मला ठावं हाय गं. मला आठवंना झालंय. मी बोलले न्हाई." निलम्माक्का एकदम वरच्या आवाजात, "कामून बोलला न्हाईत? आठ महिने ह्या पोरीच्या माथी?" म्हातारी म्हणली, "ती तरणी हाय. तिला येडी म्हणले तर दवाखान्यात नेतील, बरी करतील. मला म्हणले तर खोलीत घालून कडी लावतील. माझ्या सासूला लावली होती. …मीच लावायचे."

मी ती सुपारी उचलून परत तिच्या हातात दिली.

बोलली ती शैलश्री. डोळे पुसले, मोबाईल घेतला, नवऱ्याला फोन. आन् त्या पोरीचा आवाज मी जल्मात पहिल्यांदा ऐकला! "दुकान बंद करा आन् या! आताच्या आता! येताना स्क्रूड्रायव्हर आणा!" आला पळत. तिनं सगळं सांगितलं. तो दारातच उभा, तोंड उघडं. आईकडं बघावं का बायकोकडं, कळंना. ही म्हणली, "पहिलं त्या खोलीची कडी काढा. आईच्या खोलीची. आतली बी, बाहेरची बी. मंग बोलू." त्यानं गुमान काढली. दोन्ही. दाराला भोकं राहिली. ती कड्या घेऊन बाहेर गेली आन् उकिरड्यावर फेकून आली.

पण तुमाला वाटंल ती लगीच सासूच्या गळ्यात पडली. न्हाई बरं! दोन दिवस बोलली न्हाई तिच्याशी. जेवायला वाढायची, बोलायची न्हाई. आन् नवऱ्याशी चार दिवस. मला बरं वाटलं. आठ महिन्यांचं हाय, चार दिवस तरी पाहिजेत.

किरणकुमार शेडमध्ये आला माफी मागायला. "मावशी, मी तुमाला बोललो, चुकलं." मी म्हणले, जाऊ दे. तर जाता जाता म्हणतोय, "पण मावशी, काय म्हणा, पुस्तकाचा शेवट बरोबर हाय. नवरा बिचारा निर्दोषच असतोय." बापरे! निलम्माक्का उलथनं घेऊनच उठली. "निर्दोष? आठ महिने बायकोला हुच्ची म्हणलास, एक दिवस घरी बसून बघितलास का कोण करायलंय? तुझ्यापेक्षा तो पुस्तकातला बरा, निदान दूध तरी देत होता!" पोरगं पळालं, एक चप्पल इथंच राहिली.

बीदरला डॉक्टरला दाखवलं. ते म्हणले, वयाचं हाय, गोळ्या देतो, पार बरं व्हायचं न्हाई. चुलीपाशी एकटं सोडू नका, माणसांत ठेवा, कानावर बोलणं पडू द्या. मंग शैलश्री सासूला रोज शेडमध्ये घेऊन यायली. पोत्यावर माझ्या शेजारी बसवती. म्हातारी खूश. चार दिवस झाले, म्हणती, "तू उमरग्याकडची का? मंग तुला वाचता येत असंल. वाच की कायतरी."

मी म्हणले, न्हाई! आता न्हाई! पण सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या. शैलश्री सुद्धा. आन् शेडात पुस्तक एकच.

वाचलं. सगळं, पहिल्यापासनं. शेवट आला. म्हातारी ढसाढसा रडली, "बिचारा गेला! सोन्यासारखा नवरा गेला! कशाला गं मारलीस?" कुणाला म्हणली? मला! बरं. पंधरा दिवसांनी म्हणती, "कायतरी वाच की. परवा त्या डोंगरावरच्या घराचं चालू केलतीस." आत्याबाई, ते संपलं. "कुठं संपलं? आताशी दूध दिलंय त्यानं." परत वाचलं. परत शेवट. ह्या टायमाला काय म्हणावं? "बरं झालं ढकलला! लईच गोड बोलत होता." अंबिका हसून हसून परातीत पडली. तिसऱ्या टायमाला म्हणती, "ह्यात चूक कुणाचीच न्हाई बघ. एकटी होती गं ती. घरात चौथं माणूस असतं तर असं झालं नसतं." चौथं कोण, आत्याबाई, तिसरंच न्हाई! "तेच म्हणायले."

माझं प्लास्टर निघून तीन महिने झाले बरं का! हात चांगला हाय, थापायला शिवशिवतोय, पण माझ्या जागंवर आता दुसरीच बाई थापायली आन् मी पोत्यावर. वसू माझ्या स्वप्नात यायली. भगवानराव मागनं आले तरी दचकायलेय.

शेवटी मीच गेले उमरग्याला. स्टँडवर उभं राहून, नीट उघडून, शेवटचं पान आधी वाचून, नवं पुस्तक आणलं. हसायचं. खून न्हाई, कडी न्हाई, जिना न्हाई. मोठ्या हौसेनं परवा शेडमध्ये उघडलं. सगळ्या खूश. दोन पानं वाचली असतील, सोजराबाईनं माझा हात धरला, आन् अशी दयेनं बघायली माझ्याकडं, लेकराकडं बघावं तशी. निलम्माक्काला हळूच म्हणली, "हिचं बी माझ्यासारखंच व्हायलंय वाटतं. अगं, हे आपलं तीनदा वाचून झालंय की! ते नवं काढ ना, डोंगरावरच्या घराचं. ते अजून कुठं सुरू केलंय?"

…काढलं. काय करता? कालपासनं परत पहिलं पान.